जाळ्याच्या दोऱ्याची गोधडी

हल्ली आमच्या ओटीवर बायका-मुली गोधडी शिवायला शिकायला येतात. शिकवते माझी बायको. तिचा उजवा हात चालत नाही, म्हणून टाके घालून दाखवतो मी. येणाऱ्या सगळ्या जणी आधी कापडाचं विचारतात. रंग कुठला घ्यायचा, ठिगळं कशी लावायची, मधे फूल काढायचं की चौकट. दोऱ्याचं कोणी विचारत नाही. मग मीच विचारतो, दोरा कुठला आणलात? पिशवीतून चकचकीत रीळ बाहेर येतं. मी सांगतो, हे राखीपौर्णिमेपर्यंत जपून ठेवा, तेव्हा कामाला येईल. त्यावर बायको मला डोळ्यांनी दटावते. याहून वाईट दोरा या घरात एकदा वापरला गेलाय आणि तो कोणी वापरला, हे तिला ठाऊक आहे.

ते काय झालं होतं ते एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे तिला दरवेळी डोळे मोठे करायला नकोत. शाळेची दुसरी मी पुरी केली. तिसरीत गुरुजी आणि समुद्र या दोघांतून समुद्र निवडला. काना-मात्रा इकडेतिकडे झाला असेल तर नात नीट करील. बाकी मजकुरात तिने हात घालायचा नाही, असं आमचं ठरलंय.

मी जाळ्याचा माणूस. होडीवर होतो तेव्हा होतोच, पण खरं नाव जाळी दुरुस्त करण्यात. आंजर्ल्यापासून खाली आमच्या गावापर्यंत फाटलं जाळं माझ्याकडे यायचं. मी हात लावलेलं जाळं त्या जागी परत फाटत नाही, असं लोक म्हणायचे. म्हणणारे बरेचसे आता गेले, त्यामुळे खात्री करून घ्यायची सोय राहिली नाही. जाळ्याच्या दोऱ्याचं शास्त्र सोपं असतं. दोरा जेवढा दांडगा तेवढा चांगला, गाठ जेवढी आवळलेली तेवढी चांगली. लहानपणी बापाजवळ सुताची जाळी होती, ती झाडाच्या सालीच्या पाण्यात उकळून, वाळवून टिकवावी लागायची. मग नायलॉन आलं. बाप त्याला शिव्या देत गेला आणि मी त्याच्यावर नाव कमावलं. एवढी माझी विद्या. ती मला पुरेशी वाटत होती.

आता गोधडीकडे येतो. आमच्याकडे मूल जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी सुई धरत नाहीत. कापड काढून ठेवावं, धुवावं, उन्हात घालावं, पण टाका घालायचा नाही. मूल एकदा सुखरूप हाताला लागलं की मग शिवायला बसायचं आणि बाराव्या दिवशी बारशाला त्याला त्या गोधडीवर निजवायचं. कापड मात्र जुनंच पाहिजे. नव्या कापडाची खळ त्या कोवळ्या अंगाला बोचते. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या बायकांची धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी राखून ठेवतात.

बायकोच्या ट्रंकेत तिच्या आईचं एक लुगडं होतं. अंजिरी रंगाचं, काठ हिरवा. आई डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव मासळी विकायची. तिची बाकीची लुगडी आमच्या मुलांच्या आणि नातवंडांच्या गोधड्यांत गेली, आणि त्या गोधड्या वापरून वापरून संपल्या. हे एकच उरलेलं. पणतवंडासाठी म्हणून बायकोने ते राखलं होतं. ते मी कधी हातात घेतलं तरी ती म्हणायची, ठेवा ते, तुमचे हात खरखरीत आहेत. मला राग यायचा.

नात सातव्या महिन्यात बाळंतपणाला आमच्याकडे आली आणि त्याच महिन्यात बायकोच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला. बोलणं सावरलं, आधीपेक्षा थोडं जास्तच. हात मात्र मांडीवर ठेवला तिथे राहायचा. सुई दिली तर बोटांतून गळून पडायची आणि ती पडली हे तिला खाली बघितल्यावर कळायचं.

मुलगी झाली. पणती. दुसऱ्या दिवशी शेजारीण बघायला आली आणि तिने आपणहून सांगितलं की वहिनींनी काळजी करू नये, लुगडं द्यावं, ती चार दिवसांत गोधडी शिवून देईल. बाईचा हात चांगला आहे, हे मी तेव्हाही नाकारलं नसतं. सून म्हणाली, मी मशीनवर अर्ध्या तासात मारून देते. बायकोने मशीनला मान हलवून नाही म्हटलं आणि शेजारणीला हो म्हणायला तोंड उघडलं. त्याआधी माझं उघडलं.

"उभा जन्म जाळी शिवली ती काय गंमत म्हणून? घरात दोऱ्याचा माणूस बसलाय, आणि गोधडी शेजारी जायची?"

शेजारीण हसली. म्हणाली, "बरं झालं की भावोजी. मग बारशाला बघायला येईनच मी."

बायकोने माझ्याकडे बघितलं. होडी बाहेर काढायच्या आधी आभाळाकडे बघतात तसं. पण चारचौघांत नवऱ्याचा शब्द खाली पाडायचा नाही ही तिची जुनी खोड, आणि त्या दिवशी ती तिला महाग पडली.

तिने मला थर लावायला शिकवलं. खाली एक जुनी साडी, मधे धोतराचे तुकडे, वर आईचं लुगडं. चारी कोपऱ्यांना मी जाळ्याची शिशाची वजनं ठेवली. ती युक्ती तिला आवडली, हे मुद्दाम लिहितो, कारण यापुढे बराच वेळ तिला काही आवडलेलं नाही. मग तिने डब्यातलं तिचं सुती दोऱ्याचं रीळ दिलं. मी सवयीने दोरा ओढून बघितला. तुटला. परत ओढला, परत तुटला.

मी म्हटलं, याने मांदेली बांधली तरी पळून जाईल. ती म्हणाली, रीळ जुनं आहे, खाऱ्या हवेने कुजलंय, बाजारातून नवं आणा, पण सुतीच आणा. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा तिला दापोलीला डॉक्टरकडे घेऊन गेला. सून बाळंतिणीच्या शेक-शेगडीत. ओटीवर मी आणि गोधडी. बाजारात जाऊन कुजका नाही तर कुजणारा दोरा आणायचा, यापेक्षा माळ्यावर माझ्याजवळ होता तो काय वाईट, असं मनात आलं. जाळ्याचा बारीक नायलॉनचा दोरा, मी जपून ठेवलेला. साध्या सुईच्या नाकातून तो जाईना, म्हणून गोणी शिवायची दाभण घेतली. दोरा घेतला वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतो तेवढा. आम्ही तेवढाच घेतो, परत परत ओवत कोण बसणार. दर चार बोटांवर एक पक्की गाठ. प्रत्येक टाका पायाचा अंगठा दाबून आवळलेला. कडेने तीन फेरे जेवणवेळेच्या आत पुरे केले. इतका बळकट टाका या घरातल्या कुठल्या गोधडीला कधी पडला नसेल. ओढून बघितलं. दोरा हलला नाही. गाठ हलली नाही.

मग गोधडी दोन कोपऱ्यांना धरून उचलली आणि झटकली. जाळं झटकतात तशी.

पोस्टाच्या तिकिटांच्या कागदाला भोकं पाडलेली असतात आणि तिकीट त्या ओळीत सरळ सुटून येतं. लुगडं तसं माझ्या टाक्यांच्या ओळीत सुटून आलं. एका बाजूला हातभर, आणि कोपऱ्यातून आत मधोमधपर्यंत एक चीर. दोरा शाबूत. गाठी शाबूत.

मी काय केलं ते लिहायचं नाही असं आधी ठरवलं होतं. फाटलेली बाजू आत घालून घडी केली आणि ट्रंकेत तळाला ठेवली. वर माझे सदरे ठेवले. संध्याकाळी बायको आली तेव्हा मी पुढे होऊन तिला पाणी दिलं आणि डॉक्टर काय म्हणाला ते विचारलं. गोळ्या कुठल्या, किती वेळा, जेवणाआधी की नंतर. इतक्या आस्थेने मी डॉक्टरचं म्हणणं लग्नापासून कधी विचारलं नव्हतं. तिने पाणी पुरतं प्यायलंही नाही. विचारलं, "काय केलंत?"

ट्रंक तिने मलाच उघडायला लावली. डाव्या हाताने घडी चाचपत गेली आणि चिरेपाशी हात थांबला. बराच वेळ तो हात तिथेच होता. मी म्हटलं, कापडच कुजलं होतं, माझ्या दोऱ्याचा दोष नाही, दोरा बघ अजून कसा आहे. हे मी खरंच म्हटलं.

ती म्हणाली, "जाळ्यात मासा धडपडतो, म्हणून दोरा दांडगा लागतो. हिच्यात कोण धडपडणाराय? तीन किलोचं पोर?"

मी दोरा ओढून दाखवायला गेलो, तर तिने माझा हात बाजूला सारला.

"कापड म्हातारं झालंय. त्याला जोर सोसत नाय. दोरा त्याच्याहून नरम पाहिजे. ताण आला तर दोऱ्याने तुटायचं, कापडाने नाय. दोरा परत घालता येतो ओ. आईचं लुगडं कुठनं आणू मी?"

ती रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मी म्हटलं, शेजारणीला बोलावतो. हे शब्द तोंडातून काढायला मला किती जड गेलं, ते मलाच माहीत. पण ती म्हणाली, आता कुणाला दाखवणार हे? तुम्हीच नीट करायचं. मी सांगीन तसं, आणि मधे बोलायचं नाय. मी कबूल केलं आणि जवळजवळ दुपारपर्यंत ते पाळलंही.

पहिलं काम, दोरा काढणं. माझ्या गाठी समुद्रात सुटल्या नव्हत्या, त्या ओटीवर काय सुटणार. दाभणीच्या टोकाने, नखाने, शेवटी दातांची कवळी काढून ठेवून हिरड्यांनी, सगळं करून बघितलं. कात्री लावायची तर खालचं लुगडं कापलं जाण्याची भीती. एकेक गाठ उकरत दीड दिवस गेला. आपल्याच हाताला मी त्या दीड दिवसात जेवढं नावाजलं आणि जेवढ्या शिव्या दिल्या तेवढं कुणी परक्याने केलं नसेल. एक गाठ शेवटपर्यंत निघाली नाही. कोपऱ्यात तिन्ही फेरे जिथे भेटले होते तिथली. बायको म्हणाली, राहू दे ती, अजून ओढलीत तर भोक पडेल.

मग नवा दोरा. बाजारात जाऊन मी मोठ्या रुबाबात रीळ आणलं. दुकानदाराला सांगितलं, सुती दे, मला फसवू नकोस, मी दोऱ्यातला माणूस आहे. बायकोने त्याचं टोक देवापुढच्या निरांजनाला लावायला सांगितलं. सुती दोरा जळला की कागदासारखा वास येतो आणि राख होते. मी आणलेला दोरा वितळला आणि टोकाला एक काळा मणी झाला. तिने रीळ माझ्या हातात परत दिलं. दुसऱ्या फेरीला सून आली, आणि दुकानात तीच गेली, मी बाहेर उभा राहिलो.

राख होणारा दोरा आल्यावर तिने मला पहिलीपासून शिकवलं. दोरा तोडायचा तो कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, वर एक वीत. वावभर घेतला की तो स्वतःभोवती पीळ खातो, गुंता होतो, आणि कापडातून सारखा ओढून ओढून अर्ध्यावर झिजतो. रिळातून जे टोक आधी बाहेर येतं तेच सुईत ओवायचं, आणि जिथे तोडलं त्या टोकाला गाठ. उलट केलं तर दोरा पिंजतो. मी म्हटलं, दोऱ्याला कुठे कळतंय कुठलं टोक. ती म्हणाली, करून बघा. मी बघितलं. दोऱ्याला कळतं.

मग मेण. मधाच्या पोळ्याचा एक खडा तिच्या डब्यात होता, त्यावरून दोरा एकदा ओढायचा, म्हणजे सरळ चालतो. हे मला पटलं, बाप सुताच्या जाळ्याला सालीचं पाणी द्यायचा त्यातलंच हे. मी तसं सांगितलं तर म्हणाली, मग आठवत होतं की. गाठ लहान मारायची, वरून सुई आत घालून हलका झटका द्यायचा, की गाठ कापडाच्या पोटात जाऊन बसते. बाहेर गाठ दिसता कामा नये. हे मला सगळ्यात कठीण गेलं. माझ्या धंद्यात गाठ दाखवायला असते, गिऱ्हाईक तीच बघतं. इथे चांगली गाठ म्हणजे जी कुणाला सापडत नाही ती.

पण मुख्य शिकवण ओढण्याची. टाका घालून झाला की दोरा ओढायचा तो कापडाला टेकेपर्यंत. मग थांबायचं. माझा हात थांबायचा नाही. ती शेजारी बसून प्रत्येक टाक्याला म्हणायची, पुरे. दोन दिवस ती नुसतं "पुरे" म्हणत होती. तिसऱ्या दिवशी पंधरावीस टाके झाले तरी ती बोलली नाही. मी वर बघितलं तर तिला डुलकी लागली होती. तरी ते टाके मी नंतर तपासले. बरे होते.

फाटलेली कड आत दुमडून टाकली, त्यामुळे गोधडी एका बाजूने चार बोटं बारीक झाली. मधल्या चिरेला ठिगळ हवं होतं, आणि लुगड्याइतकंच मऊ. घरात तसं एकच कापड होतं, माझा सणासुदीचा पांढरा सदरा. तो मी जितक्या लग्नांना घातला तितकी जोडपी आता म्हातारी झालीयत. बारशाला मी तोच घालणार होतो. बायकोने सदऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, मी काही मागत नाय. मी पाठीचा तुकडा स्वतः कापला.

अकराव्या दिवशी संध्याकाळी शेवटचा टाका पडला. सुरुवातीचे टाके होडी लाटांवर चाललीय तसे, शेवटचे बरेचसे सरळ.

बारशाला मंडणगडहून नातीच्या सासरची माणसं आली. शेतकरी घर. तिथल्या बायकांना गोधडीतलं कळतं, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. मी नवा सदरा घातलेला, मानेला काचत होता. नातीच्या सासूबाईंनी बाळाला उचललं आणि गोधडी उलटून मागची बाजू बघितली. शेजारीणही बोललेल्या शब्दाप्रमाणे आली होती, तीही वाकली. सासूबाईंनी विचारलं, हात कुणाचा?

मी घसा खाकरला. पण बायकोच बोलली. "नवशिक्याचा. दोरा मात्र चांगला घातलाय."

सासूबाईंनी टाक्यांवरून बोट फिरवलं, कुठे काचलेलं नाही ना ते बघितलं आणि मान डोलावली. बाळाला परत तिच्यावर ठेवलं. बाळ झोपलं. शेजारणीने ठिगळ ओळखलं असावं, कारण ती एकदा ठिगळाकडे आणि एकदा माझ्या नव्या सदऱ्याकडे बघत होती. तिने गावात काय सांगितलं ते मला माहीत नाही. एवढंच झालं की महिन्याभरात पहिली मुलगी ओटीवर शिकायला आली. तिला शेजारणीनेच पाठवलं होतं.

याला आता दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात नातीचा फोन आला. आवाज अगदी चोरासारखा. म्हणाली, "आबा, रागावू नका. धुताना तुमचा दोरा तुटला. तीन-चार ठिकाणी."

जन्मभर माझ्या दोऱ्याबद्दल असं कुणी बोललं असतं तर मी त्याच्या अंगणात पाय ठेवला नसता. मी विचारलं, कापड? ती म्हणाली, कापडाला काही नाही. मी फोन तसाच धरून बायकोला सांगितलं, दोरा तुटलाय. ती म्हणाली, "तुटणारच. आणायला सांगा तिला."

गोधडी आता माझ्यापुढे आहे. तुटल्या जागी नवा दोरा घालायला बसलोय, कोपरापासून बोटांपर्यंत, वर एक वीत. लुगडं शाबूत आहे. एकच जागा विरत चाललीय. कोपऱ्यातली माझी ती जुनी गाठ अजून जशीच्या तशी आहे, जरा सैल झालेली नाही, आणि तिच्याभोवतीचं कापड कांद्याच्या पापुद्र्यासारखं झालंय. बायकोने त्यावर डावं बोट ठेवून दाखवलं. मी सदऱ्याचा उरलेला तुकडा शोधायला उठलो.